दीड डॉलरचा पूल

बिल आलं गुरुवारी, दंतवैद्याच्या पोस्टकार्डाला चिकटून.
पुलाचा टोल : दीड डॉलर.
खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत : सुविधा शुल्क,
दिवसाला सात, दिवस पाच.
एकूण साडेछत्तीस.
चार आण्याची कोंबडी म्हणतात ती हीच,
फक्त मसाला मी मागवला नव्हता.

पाचातले चार दिवस ती भाड्याची गाडी
लुडविकाच्या दारात, बर्फाखाली.
माझी धाकटी बहीण, न्यू जर्सीच्या काठावर राहते,
नव्या गुडघ्याची.
मी सूप करत होतो, जमेल तसं,
आणि ती पलंगावरून म्हणत होती : मीठ.
शेजारच्या पोरानं बॉनेटवर बर्फाचा माणूस बसवला,
त्याला माझी टोपी घातली.
फोटो आहे. फोटोवर तारीख आहे.
या गृहस्थानं चार दिवस कोणती सुविधा भोगली,
विचारा त्यालाच.

पहिल्या दिवशी फोनवर नुसतं संगीत, चाळीस मिनिटं.
दुसऱ्या दिवशी एक मुलगा : करारात आहे, सर,
कलम सतरा. काउंटरवर तुम्ही काचेवर सही केलीत.
केली. बोटानं.
ती सही कॅझिमिरची आहे
असं माझ्या आईनंसुद्धा मानलं नसतं.

तिसऱ्या दिवशी डेल्फीन.
तिच्या मागं कुत्रं भुंकत होतं,
म्हणजे तीही कुणाच्यातरी घरात होती.
मग मी बिलात नसलेलं बोलून गेलो :
तो पूल मी रंगवलाय.
बावीस वर्षं. हिरवा.
पेनसिल्व्हेनियाकडून सुरुवात करायची,
पलीकडे पोचेपर्यंत अलीकडे गंज धरायचा,
की ब्रश घेऊन पुन्हा अलीकडे.
नाक्यावर तेव्हा बर्निस असायची,
नाणी मोजता यावीत म्हणून हातमोज्यांची बोटं कापलेली.
आम्हा रंगाऱ्यांकडून ती पैसे घ्यायची नाही, हात करायची.
तिच्या खोपटाच्या जागी आता खांबावर कॅमेरा आहे.
त्याला सगळ्यांच्या गाड्यांचे नंबर पाठ.
हात तो कुणालाच करत नाही.

डेल्फीनची बोटं थांबली, मला ऐकू आलं.
मग म्हणाली, सर, सदिच्छा म्हणून
सगळंच माफ करते. टोलसुद्धा.

शहाण्यानं इथं फोन ठेवला असता.
मी म्हटलं, माफ?
माफ चुकलेल्याला करतात, बाई.
पस्तीस तुम्ही चुकून लावलेत, तसं लिहा.
दीड माझा आहे. तो घ्या.

ती शोधत राहिली. बराच वेळ.
यादीत 'चूक' नाहीये, सर.
आठ कारणं आहेत : सदिच्छा, जुने ग्राहक,
मग हवामान...
कुत्रं पुन्हा भुंकलं, तिनं त्याला नावानं गप्प केलं.
हवामान लावू का? बर्फ तर होताच ना.

लुडविका हे ऐकून गुडघा धरून हसली.
बावीस वर्षं गंज खरवडलास, म्हणाली,
आता शब्द खरवडतोयस.

तर हवामान.
दीड डॉलर मी पाकिटात घातला,
एक नोट, दोन नाणी,
पुलाच्या कार्यालयाचा पत्ता, वर तिकीट.
तीन आठवड्यांनी पाकीट परत :
या वाहनाच्या नावे आमच्याकडे काही येणं नाही.

शनिवारी बसनं गेलो. पायी ओलांडायला पैसे पडत नाहीत.
मधल्या खांबापाशी कठड्याखाली हात घातला.
वर आता राखाडी रंग आहे, कंत्राटी, एक हात कमी दिलेला.
नखानं थोडा उडवला.
खाली आमचा हिरवा.

मागून सायकलवाल्यानं घंटी वाजवली, मी सरकलो.
नोट परतीच्या बसला गेली.
दोन नाणी अजून कोटात आहेत.